अंदमानला नेलेली निळी पेटी

आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात कूलर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. पत्र्याचा, खिडकीला लावलेला, दुपारभर घरघरणारा. त्यामुळे मुलीनं नागपूरहून फोनवर सांगितलं, की अंदमानला जाताना आपण एक कूलर घेऊ, विमानाच्या सामानात टाकता येतो, तेव्हा मामाजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. फोन स्पीकरवर होता.

"तिथं एवढी गरमी होते काय?" त्यांनी विचारलं. "आन् विमानात कूलर घेऊन जाऊ देतात?"

"तो नाही, आबाजी. छोटी पेटी असते. जेवण थंड राहते त्यात."

मामाजी म्हणजे माझे सासरे. खाली आमचं किराणा दुकान, वर घर. अजूनही सकाळी दुकान तेच उघडतात, माझा नवरा मागून जातो. आम्ही जैन. पण मामाजींचं पाळणं आमच्या सगळ्यांपेक्षा कडक. कांदा, लसूण, जमिनीखाली येणारं काहीच नाही, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. आणि या सगळ्यावर त्यांचा स्वतःचा एक नियम: बाहेरचं खायचं नाही. तीर्थाला गेले तर तिथल्या भोजनशाळेत जेवतील, एरवी घरी. हॉटेलातला चहा त्यांनी कधी घेतल्याचं कोणाला आठवत नाही.

सासूबाई होत्या तोवर याची अडचण नव्हती. आम्ही फिरायला जायचो, ते दोघं घरी राहायचे. त्या गेल्यानंतर दोन सुट्ट्या आल्या. एकदा नवरा आणि मुलगी हिमाचलला गेले, एकदा केरळला. मी थांबले. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं, पण तूही चल असंही कोणी म्हटलं नव्हतं. बर्फाचे, धबधब्याचे फोटो मोबाइलवर यायचे. मी ते पाहायचे आणि दोन माणसांचा कुकर लावायचे.

या वर्षी मुलीनं सांगून टाकलं, की चौघं जाऊ, नाहीतर कोणीच नको. मामाजी म्हणाले, "तुमी जा. मी फळं खाऊन राहीन." ती म्हणाली, "आठ दिवस केळीच खाल काय, आबाजी?" माझ्याबद्दलच चाललेल्या बोलण्यात मी गप्प राहते, ही माझी जुनी सवय आहे.

पेटी कुरिअरनं आली. निळी, पांढऱ्या झाकणाची, खाली दोन चाकं. मामाजींनी ती दुकानाच्या ओट्यावरच उघडली आणि चष्म्यातून आत पाहिलं.

"हा तर मच्छीवाल्याचा डबा आहे."

"नवी आहे, मामाजी. कोणी काही ठेवलं नाही त्यात," मी म्हटलं.

"वाशीमच्या बाजारात पाह्यला मी. असाच असते."

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी पेटी वर आलीच नाही. ती दुकानातच होती, काउंटरच्या मागे. मामाजींनी घरातल्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या होत्या आणि त्या आत ठेवून बर्फ किती वेळ टिकतो ते पाहत बसले होते. गिऱ्हाईक आलं की तूरडाळ तोलायची, गेलं की झाकण उघडायचं. शेजारचा कापडवाला येऊन विचारून गेला, "शेटजी, आइस्क्रीम विकून राह्यले काय?"

"मामाजी, सारखं उघडलं तर थंड कसं राहणार?" मी म्हटलं.

"उघडल्याबिगर समजीन कसं?"

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून खाली दुकानात बोलावलं आणि बाटली हातात दिली. मधोमध अजून बर्फाचा लांबोडका गोळा होता. त्यांचा चेहरा, मी जसा पाहिला तसा सांगते, नवीन माल चांगला निघाल्यावर व्हायचा तसा होता. सासूबाई गेल्यापासून मी तो पाहिला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "टिकला की."

मग माझं काम सुरू झालं. गुळाच्या दशम्या केल्या, दूध घालून, त्या चांगल्या टिकतात. पुरण शिजवून डब्यात गोठवलं. मुगाचे वडे तळले. बेसनाच्या पातोड्या केल्या, रस्सा वेगळ्या डब्यात. कैरीचं लोणचं, साजूक तूप, मेतकूट. आणि आमरस. तो बाटल्यांत भरून गोठवायचा, म्हणजे तोच बर्फाचं काम करील, ही कल्पना मुलीची. विमानात प्रत्येकाच्या वाट्याला एक मोठं सामान होतं आणि माझ्या वाट्याचं सामान म्हणजे ती पेटी. माझ्या साड्या आणि पंजाबी ड्रेस इतर तिघांच्या बॅगांत वाटून गेले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेटी भरली. पहिल्या दिवशी लागणारं वर, शेवटी लागणारं खाली, मधेमधे आमरसाच्या बाटल्या. मग भांडी घासायला गेले. परत आले तर मामाजी जमिनीवर बसले होते, सगळे डबे त्यांच्या भोवती, आणि ते पेटी नव्यानं भरत होते. जड खाली, हलकं वर, कोपऱ्यात बाटल्या ठोकून बसवलेल्या. पातोड्यांचा डबा तळाला गेला होता.

"मामाजी, तो पहिल्या दिवशी लागते."

"जड आहे. वर ठेवला तं खालचं दबून जाईन."

"पण काढताना सगळं उपसावं लागेल. झाकण किती वेळ उघडं राहील?"

"माल कसा भराचा, ते मले शिकवू नको." आवाज मोठा नव्हता.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्ही दोघं कधी समोरासमोर भांडलो नव्हतो. काही सांगायचं असलं तर आधी सासूबाईंमार्फत, मग नवऱ्यामार्फत. नवरा खाली दुकानात होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माल नाही मामाजी, जेवण आहे. जेवण लागेल तसं भरतात."

ते थांबले. हातात तुपाची बरणी होती. ती कुठं ठेवावी हे जणू त्यांना कळेना. मग त्यांनी सगळं पुन्हा बाहेर काढलं, एकेक डबा, आणि विचारलं, "पह्यल्या दिवशी काय खाचं?"

"पातोड्या."

"दुसऱ्या?"

असं विचारत विचारत आम्ही दोघांनी पेटी भरली. सर्वांत वर थोडी जागा उरली. तिथं जुना टॉवेल घडी करून घातला. नंतर त्यांनी पोती बांधायची दोरी आणली आणि पेटीला चारी बाजूंनी अशी आवळली, की ती उघडायला तेच हवेत.

पहाटे चौघं निघालो, कारंज्याकडून समृद्धी महामार्गाला लागलो. मामाजी पुढच्या सीटवर होते आणि दर थोड्या वेळानं मागे वळून डिकीच्या दिशेनं पाहत होते. नागपूरच्या विमानतळावर सामान दिल्यावर आम्ही आत बसलो, तोच माझ्या नावाची घोषणा झाली. पेटी माझ्या नावावर होती, म्हणून मलाच जावं लागलं. एका खोलीत पेटी टेबलावर ठेवलेली. गणवेशातल्या माणसानं ती उघडायला सांगितली.

मी दोरीशी झटले. मामाजींच्या गाठी मला सुटेनात. तो माणूस थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, काट दूँ?" मी हो म्हटलं. टॉवेलाच्या खाली एक पुरचुंडी निघाली. मी ती ठेवलेली नव्हती. आत खोबऱ्याच्या सुक्या वाट्या आणि खडीसाखर. सासूबाई तीर्थाला निघताना असंच बांधून घ्यायच्या. मामाजींनी ती केव्हा ठेवली, मला माहीत नाही.

"सूखा नारियल अलाउड नहीं है. तेल होता है, आग पकड़ता है," तो म्हणाला. खोबरं त्यानं बाजूला काढलं, खडीसाखर मला दिली. मग पेटीला त्यांची चिकटपट्टी गुंडाळली आणि ती पट्ट्यावरून निघून गेली.

मी बाहेर येऊन मामाजींना सांगितलं.

"जळते म्हनतात?" ते म्हणाले. "आपन तं दुकानात पोतंभर ठेवतो." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दोरी?"

"कापावी लागली."

त्यांनी खडीसाखर खिशात ठेवली. विमानात खिडकीची जागा त्यांना दिली होती. ढग खाली गेले तेव्हा त्यांनी मला बोटानं दाखवलं.

कोलकात्याला विमान बदललं. अंदमानला उतरलो तेव्हा दुपार कलत होती. पट्ट्यावरून निळी पेटी आली, चिकटपट्टी गुंडाळलेली. नवऱ्यानं ओढून घेतली आणि आम्ही टॅक्सीत बसलो. पेटीला लावलेल्या चिठ्ठीवरचा नंबर कोणी पाहिला नाही. पाहायला हवा होता, असं मुलगी नंतर दोन-तीनदा म्हणाली.

राहायची जागा म्हणजे एका निवृत्त माणसाच्या घराचा वरचा मजला होता, स्वयंपाकघरासकट. मामाजी हात-पाय धुऊन आले. सकाळपासून त्यांच्या पोटात घरून आणलेलं पाणी आणि दोन केळी एवढंच होतं. मी व्हरांड्यात पेटी ठेवली, चिकटपट्टी कापली, झाकण उचललं.

आधी वास आला. मग बर्फाचा चुरा दिसला आणि बर्फात बंगाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे. एकाचं तोंड बाहेर आलं होतं. चंदेरी, डोळा उघडा.

मी झाकण तसंच धरून उभी राहिले. नवरा म्हणाला, "बाप रे." मुलीनं तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघंही माशाकडे नाही, मामाजींकडे पाहत होतो. त्यांनी वाकून आत पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही, कमीच असेल.

"झाकन लाव," ते म्हणाले. "बर्फ वितळून राह्यला."

मी झाकण लावलं.

"कोनाचा तरी माल आहे. उन्हात काहून ठेवला? तिकडे सावलीत घ्या."

नवऱ्यानं पेटी सावलीत ओढली. मुलगी फोनवर विमान कंपनीशी बोलू लागली. मामाजी जिना उतरून खाली गेले. मला वाटलं, त्यांना किळस आली असेल, म्हणून गेले. मी मागून गेले तर ते घरमालकाला हिंदीत विचारत होते, "यहाँ बरफ किधर मिलेगा? उनका मच्छी खराब हो जाएगा."

ज्या माणसाच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, तो माशांसाठी बर्फ विचारत होता. घरमालकाच्या फ्रीजमधले बर्फाचे दोन ट्रे मिळाले. मामाजींनी पेटीला हात लावला नाही. नवऱ्याला मात्र उभं राहून सांगितलं, की बर्फ बाजूनं भर, वर नको, पाणी साचेल.

कंपनीच्या फोनवरून कळलं, की आमची पेटी चुकून नेणारे इथलेच, बंगाली कुटुंब आहे, पण शहराबाहेर राहतात. त्यांना निरोप दिला आहे, ते संध्याकाळी येतील. आम्ही निर्धास्त झालो. मी म्हटलं, आल्याबरोबर पातोड्या गरम करू, सूर्यास्ताला वेळ आहे. आमच्याकडे त्या दिवसांत पावणेसातपर्यंत उजेड असतो.

अंदमानात तसं नसतं. घड्याळ आपलंच, पण सूर्य फार आधी बुडतो. साडेपाच होत आले तर समोरच्या नारळांमागे आभाळ लाल झालं. मामाजी व्हरांड्यात उभे राहून पाहत होते.

"हे काय, बुडून राह्यला?"

"घड्याळात तर वेळ आहे, बाबा," नवरा म्हणाला.

"घड्याळ पाहून बुडते काय तो?"

मी धावत खाली गेले. घरमालकांनी शहाळं फोडून दिलं. मामाजींनी ते उभ्यानंच प्यायलं, एक केळं खाल्लं, आणि सूर्य गेला. मग ते हात धुऊन आत जाऊन बसले. मला त्या वेळी फार राग आला. कोणाचा, हे नक्की सांगता येणार नाही.

बंगाली गृहस्थ आले तेव्हा अंधार पडला होता. मामाजींपेक्षा थोडे लहान असतील. आमची पेटी त्यांच्या जावयानं रिक्षातून उतरवली. ते हिंदीत पुन्हा पुन्हा माफी मागत होते. त्यांनी पेटी घरी नेऊन उघडली, चूक कळली, पण ती तशीच उन्हात राहिली, झाकण नीट न लागता. मी हात घालून पाहिलं. आमरस पातळ आणि कोमट झाला होता. पातोड्यांच्या रश्शाला आंबूस वास येत होता. पुरणही गेलं होतं. दशम्या, वडे, तूप, लोणचं तेवढं वाचलं.

त्यांनी आपली पेटी उघडली. मासे जसेच्या तसे, गच्च बर्फात. ते पाहत राहिले. "यह बरफ आपने डाला?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं मामाजींकडे बोट दाखवलं. त्या गृहस्थांना एव्हाना आमचे डबे पाहून कळलं असावं, की आम्ही कोण आहोत. ते मामाजींना हात जोडून म्हणाले, की उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला यायचंच. माझी आई विधवा आहे, आमच्या रीतीप्रमाणे तिचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर असतो, तिथं मासा नाही, कांदा-लसूण नाही. तुमचं अन्न आमच्यामुळे गेलं.

नवरा नेहमीचं उत्तर द्यायला लागला, "बाबा बाहेरचं..." मामाजींनी त्याला हातानं थांबवलं. मग माझ्याकडे वळले.

"तू उद्या सकाळी जाऊन पाह्य. तुले पटलं तं खाईन मी."

त्यांनी असं काही माझ्यावर सोडण्याची ती पहिली वेळ. मी "बरं" म्हटलं.

सकाळी मुलीला घेऊन गेले. सुपारीची झाडं, पत्र्याचं छप्पर, मागच्या बाजूला म्हातारीचं स्वयंपाकघर. एक गॅस, एक चूल, चार घासलेली पितळी भांडी. म्हातारी पांढऱ्या साडीत, वाकलेली. तिला हिंदी जेमतेम येत होतं, मला बंगाली मुळीच नाही. तिनं पाटावर बटाटे काढून ठेवले होते. मी ते उचलून बाजूला ठेवले आणि मान हलवली. तिनं आलं दाखवलं. मी पुन्हा मान हलवली. ती हसली आणि सुनेला काहीतरी बोलली. सून म्हणाली, "पूछती है, फिर आप लोग खाते क्या हो?" मी परवळांकडे बोट दाखवलं. म्हातारीनं पाट माझ्याकडे सरकवला. मी बसून परवळ चिरले, तिनं मुगाची डाळ भाजली. आमच्याकडे डाळ शिजवण्याआधी अशी कोरडी भाजत नाहीत. वास चांगला येत होता.

नवऱ्याला फोन केला, "घेऊन या त्यांना."

मामाजी आले, पाय धुतले, पाटावर बसले. ताटात भात, भाजलेल्या मुगाचं वरण, परवळ, आणि आमच्या पेटीतलं तूप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी जेवायला सुरुवात केली. म्हातारी दारात बसून पाहत होती. पानात काही उरलं नाही. मग त्यांनी खिशातली खडीसाखर काढून म्हातारीपुढे धरली. तिनं दोन खडे घेऊन कपाळाला लावले आणि तोंडात टाकले.

"वरन कसं केलं, ते शिकून घेजो," ते मला म्हणाले.

उरलेले दिवस ठीक गेले. सकाळी दशम्या-लोणचं, दुपारी बाजारातली भेंडी, दुधी, तिथल्याच गॅसवर. संध्याकाळचं जेवण पाचला. घड्याळ पाहणं आम्ही सोडून दिलं. मामाजी दोनदा हॉटेलच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आत आले नाहीत. एका जेवणानं माणूस बदलत नाही, आणि त्यांनी बदलावं असं मला वाटलंही नाही.

निघायच्या आदल्या सकाळी एका बेटावर गेलो. वाळू पांढरी, पाणी आधी हिरवं, मग निळं. नवरा आणि मुलगी आधीच आत शिरले होते. मी काठावर चपला काढल्या आणि उभी राहिले. मामाजी झाडाखाली बसले होते, सगळ्यांचं सामान शेजारी ठेवून.

"जा ना," ते म्हणाले. "मी बसलो आहो इथं."

मी गेले. कमरेइतक्या पाण्यात लाट आली आणि मी पडले, नाकातोंडात पाणी गेलं. उठून काठाकडे पाहिलं तर ते उभे राहून हात हलवत होते, काहीतरी ओरडत होते. ऐकू आलं नाही म्हणून मी परत आले.

"काय झालं, मामाजी?"

"काई नाई. खारट आहे काय, ते इचारलं."

"लय खारट आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा आत गेले.